कालची यादी

४ तारीख, मंगळवार

"पोरी, कामाला धाडलेलं माणूस काय आणि प्रोग्रॅम काय, रिकाम्या हाताने परत यायला नको." एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी, आमच्या कंपनीच्या मालकांनी, मला हे वाक्य ऐकवलं होतं. माझ्या प्रोग्रॅमला हवी ती फाइल सापडली नव्हती, आणि तो काही न बोलता परत आला होता. सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले. एक फाइल नाही मिळाली तर दुसरी कशी शोधायची, ते त्यांनी माझ्याच कीबोर्डवर करून दाखवलं.

आज ते वाक्य आठवलं, कारण सरांनी स्वतः लिहिलेला जुना कोड माझ्या हवाली केला. हॉस्पिटलच्या वॉर्डांतली औषधांची यादी रोज पहाटे पाचला आणि पुन्हा सकाळी दहाला ज्यातून निघते, तो. डॉक्टरांच्या सूचनांची फाइल उघडायची, वाचायची, कोणत्या पेशंटला काय द्यायचं ते नव्या फाइलीत लिहायचं आणि ती वॉर्डातल्या प्रिंटरला पाठवायची. सी भाषेतलं एकच फंक्शन, तीनशे चाळीस ओळींचं. हॉस्पिटलांच्या एका मोठ्या साखळीला ते विकत घ्यायचं आहे. त्यांच्या तपासनिसाने दोन पानं पाहिली आणि म्हणे चष्माच काढून ठेवला. "आधी वाचता येईल असं करा, मग बोलू."

सरांची अट एकच. "नीटनेटकं कर, पण वागणूक तीच राहिली पाहिजे. आत जाईल तेच आणि बाहेर येईल तेच. एका अक्षराचा फरक नको." येत्या एक तारखेच्या आत नवी आवृत्ती आपल्या जुन्या हॉस्पिटलात चढवायची, महिनाभर चालवून दाखवायची, मग साखळीवाले सही करणार.

मला आनंद झाला. सरांनी हे दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

७ तारीख, शुक्रवार

तीन दिवस नुसती वाचते आहे. फाइल उघडली तर, आणि तिचा आकार कळला तर, आणि तेवढी जागा मिळाली तर, आणि वाचता आली तर, आणि दुसरी फाइल उघडली तर. 'तर'च्या पोटात 'तर', अशा अकरा पातळ्या. प्रत्येक पातळी उजवीकडे थोडी सरकते. आठवीपाशी ओळी पडद्याच्या कडेला जाऊन टेकतात, भरल्या अंथरुणात शेवटी झोपलेल्या माणसासारख्या. आणि 'नाहीतर' इतके खाली की कुठला 'नाहीतर' कुठल्या 'तर'चा, ते पडद्यावर बोट ठेवून मोजावं लागतं.

प्रोग्रॅम तपासायचं काम आमच्याकडे शंकासुराचं. हे नाव त्याला कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही, खरं नावही आठवत नाही. तो मागे येऊन उभा राहिला.

"बाई, आत शिरताना कमरेला दोरी बांधून जा."

"बांधलीये. दुसरं टोक तू धर."

"धरतो. पण एकला मी जेवायला जाणार, तेव्हा खिडकीच्या गजाला बांधून जाईन."

हॉस्पिटलातून दर शुक्रवारी त्याच्याकडे एक अहवाल येतो. मशीन बंद पडलं का, प्रिंटर अडला का, असलं काहीबाही. आज तो वाचता वाचता म्हणाला, "यांची डिस्क नव्वद टक्के भरली की." म्हटलं, भरू दे, आपल्या कामाचं नाही.

९ तारीख, रविवार

ताई आली होती. माझ्या लेकीला खोकला आहे म्हणून तिने औषधाची बाटली हातात घेतली. "पाच मिली," ती मोठ्याने म्हणाली. मग बाटली खिडकीकडे धरून पुन्हा, "पाच मिली." मग माझ्याकडे दिली. "तू वाच."

लेक अकरा वर्षांची आहे, तोंडाला फाटक नाही. "मावशी, तू स्वतःलाच शुद्धलेखन घालतेस."

ताई हसली. मला हसू आलं नाही.

सात वर्षांपूर्वीपर्यंत ताई नर्स होती. त्याच हॉस्पिटलात, जिथे आमची यादी निघते. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, ताईला 'हवालदार' म्हणायचे, कारण ती कोणाला औषध चुकवू द्यायची नाही. डॉक्टरांनी त्यांचं रक्त पातळ करणारं औषध आदल्या संध्याकाळी बंद केलं होतं. सकाळी ताईने ते दिलं. दोन दिवसांनी ते गेले. चौकशीत ताई एवढंच सांगत राहिली, की कागदावर होतं. कागद काढून पाहिला, कागदावर नव्हतं. तिला काढून टाकलं.

आता ती चष्म्याच्या दुकानात असते. लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. "माझ्यापेक्षा त्यांचा भरवसा जास्त," असं स्वतःच म्हणते, थट्टेने.

त्या वेळी मीसुद्धा तिला म्हणाले होते, "दमली असशील, ताई. वाचताना झालं असेल." त्यानंतर ती 'कागदावर होतं' असं माझ्यापुढे कधी म्हणाली नाही.

११ तारीख, मंगळवार

हात बसला. युक्ती साधी आहे. जुना कोड म्हणायचा, हे जमलं तर आत ये, तेही जमलं तर आणखी आत ये. मी ते उलटं केलं. फाइल उघडली नाही? दारातूनच परत जा. जागा मिळाली नाही? उघडलेली फाइल बंद कर आणि परत जा. नकार सगळे आधी, दारातच. मग खरं काम उरतं ते डाव्या कडेला सरळ उभं, पंचवीस ओळींत.

उघडलेली प्रत्येक फाइल सोडताना बंद होते ना, एवढं तेवढं जपावं लागतं. आईची सवय आठवते. घरातून निघताना ती गॅसच्या बटणाला हात लावूनच यायची, बंद दिसत असलं तरी.

१४ तारीख, शुक्रवार

सरांनी कोड पाहिला. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग म्हणाले, "याला नाही म्हणायला शिकवलंस तू." कौतुकानेच म्हणाले असावेत. त्यांच्या हातात पेन असतं, त्याचं टोपण काढत आणि लावत होते.

"शेवटच्या दोन पातळ्या राहिल्यात, सर."

"हो. त्या तशाच उचलून ठेव. फार खणत बसू नकोस."

अहवालात डिस्क ब्याण्णव टक्के. मी शंकासुराला विचारलंही नव्हतं, तरी त्याने सांगितलं.

१७ तारीख, सोमवार

सगळ्यात आतली पातळी आज उलगडली. नवी यादी डिस्कवर लिहिता लिहिता जागा संपली, तर काय करायचं, ते तिथे आहे. सरांनी किती पुढचा विचार केला होता. अर्धवट यादी टाकून द्यायची, मागची, म्हणजे आदल्या दिवशीची यादी उघडायची आणि ती प्रिंटरला पाठवायची. प्रिंटर कधी रिकामा राहत नाही. आणि फंक्शन सांगतं, काम झालं.

तेवढा तुकडा मी वेगळा काढला, बारा ओळींचं छोटं फंक्शन केलं, त्याला स्वच्छ नाव दिलं: 'मागची यादी वापरा'. पूर्वी जे अकराव्या पातळीवर दडलं होतं ते आता कोणालाही एका नजरेत दिसेल. सगळ्या फाइलीत मला तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

संध्याकाळपासून डोकं दुखतंय. भाजी दोनदा खारट केली.

१८ तारीख, मंगळवार

शंकासुराने जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवले. दोनशे चौदा वेळा. फाइल नसताना, अर्धी असताना, प्रिंटर बंद असताना. प्रत्येक वेळी दोन्हीकडे तेच. शेवटी त्याने डिस्क मुद्दाम भरून टाकली.

"यादी आली," तो म्हणाला. "जागाच नाही, तर ही आली कुठून?"

"आदल्या दिवशीची आहे."

"बरं. आणि वर तारीख?"

"तारीख प्रिंटरला पाठवताना छापली जाते. ती आजची."

"हं."

"जुन्यातही तसंच आहे. वागणूक तीच ठेवायची आहे."

"मी कुठे काय म्हणालो?" त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही बंद केली. एरवी तो माझ्यापुढे वही बंद करत नाही.

दोनशे पंधरापैकी दोनशे पंधरा जुळले. सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. मी घरी लवकर आले. काहीतरी घरी विसरून बाहेर पडल्यासारखं दिवसभर वाटत होतं, आणि आता घरी बसले आहे तरी वाटतंय.

२३ तारीख, रविवार

आम्ही दोघी ताईकडे गेलो होतो. लेकीला शाळेसाठी कोणाची तरी मुलाखत घ्यायची होती, 'एखादा कामाचा दिवस' या विषयावर. मला वाटलं ताई दुकानाबद्दल सांगेल. ती वॉर्डाबद्दल सांगायला लागली. सात वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी सहाला पोचायचं, रात्रपाळीकडून किल्ल्या घ्यायच्या, यादी घ्यायची, खाटांवरून एकदा फिरायचं. मग लेकीने विचारलं, "तुला लक्षात राहिलेला दिवस?"

"एक आहे," ताई भाजी निवडत म्हणाली. "महिन्याची पहिली तारीख होती. ड्युटीचं नवं पत्रक मी त्याच सकाळी भिंतीला लावलं होतं. नऊ नंबरवर रात्री एक बाई आल्या होत्या, पाय मोडलेल्या. मी फिरायला गेले तर यादीत त्यांचं नावच नाही. मी मेट्रनला म्हटलं, अहो नऊ नंबर गाळलाय. त्या म्हणाल्या, बघू. दहाला पाहिलं तर यादीत नाव आहे. मला वाटलं, मलाच दिसलं नसेल. त्या दिवशी माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं होतंच." तिने देठ बाजूला केले. "लिही, मावशीला कामाचा प्रत्येक दिवस आवडायचा."

मी पाणी प्यायला उठले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

जी बाई रात्री आली तिचं नाव कालच्या यादीत असणार नाही. जे औषध संध्याकाळी बंद झालं ते कालच्या यादीत असणारच. आणि वर तारीख आजची.

ताई आतून म्हणाली, "अगं नळ चालू आहे."

२४ तारीख, सोमवार

सकाळी आठलाच ऑफिसात गेले. आमच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल नोंदलेला असतो, कोणी केला, कधी केला, का केला. सात वर्षं मागे गेले.

हॉस्पिटलात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटे मोठा बॅकअप होतो. त्याची तात्पुरती फाइल डिस्कवर तीन-चार तास बसते आणि नऊपर्यंत पुसली जाते. म्हणून सहाला कालची यादी आणि दहाला आजची. नवा कागद आला की वॉर्डात पहाटेचा फाडून टाकतात, म्हणून चौकशीत जो काढला तो दहाचा. त्यानंतर त्यांनी मोठी डिस्क बसवली, म्हणून पुन्हा असं झालं नाही. आता तीही भरत आली आहे. शुक्रवारचा आकडा सत्त्याण्णव होता.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

ताईच्या त्या महिन्याच्या आठ तारखेला एक बदल आहे. पूर्वी मागची यादी दिली की प्रोग्रॅम स्वतःच्या टिपणांत एक ओळ लिहून ठेवायचा: 'आजची यादी लिहिता आली नाही, मागची दिली.' आठ तारखेला ती ओळ काढली. कारण लिहिलंय, 'अनावश्यक ओळ'. वेळ, सकाळी अकरा पन्नास. नाव माझं.

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. लेकीसाठी चार वर्षं घरी बसून मी त्याच आठवड्यात परत कामावर आले होते. सर स्वतः चहा घेऊन आले. "एवढी ओळ काढून टाक, टिपणं उगाच भरतात." मी ओळ काढली, वरखाली काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. मग म्हटलं, सर, आज दुपारी लवकर जाऊ का, ताईची चौकशी आहे.

"जा," सर म्हणाले होते. "बहिणीजवळ बस."

२५ तारीख, मंगळवार

सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. एक त्या बारा ओळींचा, एक आठ तारखेच्या नोंदीचा, असे दोन कागद पुढे ठेवले.

"त्या आठवड्यात तुम्हाला माहीत होतं?"

पेनाचं टोपण लावून झालं. "शंका होती."

"आणि?"

"पोरी, त्या पहाटे यादीच निघाली नसती तर चाळीस पेशंटांची औषधं अडली असती. रिकामा कागद हातात आला की वॉर्डात काय होतं, तुला माहीत आहे?"

"डॉक्टरांना फोन करतात."

त्यांनी पुन्हा टोपण काढलं. मग म्हणाले, "तो माणूस ऐंशीचा होता."

"एक्याऐंशी." ताईला माहीत होतं, म्हणून मला माहीत होतं.

मी म्हटलं, बारा ओळींच्या जागी दोन टाकू द्या. यादी झाली नाही तर कागदावर मोठ्या अक्षरांत 'आजची यादी तयार नाही' एवढंच छापायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, वागणूक बदलली की पुन्हा सगळी तपासणी, चार महिने, आणि साखळीवाले विचारणार, का बदललं. "तेव्हा ओळ कोणी काढली तेही निघेल. मी म्हणत नाही, कागद म्हणतो."

धमकावल्यासारखं बोलले नाहीत. काळजीनेच बोलले. दार उघडताना म्हणाले, "मी तुला कधी काही कमी केलं?"

नाही केलं.

२७ तारीख, गुरुवार

हॉस्पिटलच्या संगणक विभागात फोन केला. एक तारखेचा बॅकअप पुढे ढकला, नाहीतर थोड्या जुन्या फाइली हलवा. तिथला माणूस चांगला आहे, ओळखीचा आहे. म्हणाला, "मॅडम, काल तुमच्या सरांचा फोन होता. त्यांच्या पत्राशिवाय तुमच्याकडून काही आलं तर हात लावायचा नाही, असं ठरलंय. तुमची तब्येत बरी आहे ना?"

मेट्रन बदलल्या आहेत. नव्या मेट्रनना दोनदा मेल केला. उत्तर नाही.

शंकासुराने आज वही उघडून दाखवली. अठरा तारखेच्या पानावर लिहिलं होतं: 'जुळतं. पण बरोबर आहे का?' खाली दोनदा रेघ. "तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "तुम्ही खूश होतात." त्याने अंतिम तपासणीच्या कागदावर सही केली नाही. सरांनी स्वतः केली.

२८ तारीख, शुक्रवार

माझं कार्ड दारावर चाललं नाही. काचेपलीकडून शंकासुर आला, माझा डबा आणि शाल घेऊन. म्हणाला, आवृत्ती चढवून झाली. डिस्क अठ्ठ्याण्णव.

"आता दोरी कुठे बांधू, बाई?"

दोघांनाही हसू आलं नाही.

३० तारीख, रविवार, दुपार

चष्म्याच्या दुकानासमोर बसथांब्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. काचेतून ताई दिसते. एका आजींच्या नाकावर चौकट बसवते आहे, कानामागे बोट घालून बघते, टोचत तर नाही ना. आजी काहीतरी म्हणाल्या, ताई हसली. सात वर्षांत तिने इथे स्वतःपुरतं एक जग मांडलं आहे. त्यात मी आता जाणार.

उद्या एक तारीख. बॅकअप चारला सुरू होईल. पाचला कागद निघेल, वर उद्याची तारीख असेल. सहाला कोणीतरी नर्स तो हातात घेईल. किती वॉर्ड, किती खाटा, आज संध्याकाळी कोणाचं काय बंद होईल, मला माहीत नाही.

दारावर उभी राहून मी सांगितलं तर मला कोण ओळखतं? यादी करणाऱ्या कंपनीतून काढलेली बाई, तब्येत बरी नसलेली. ताईला ओळखतात. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी आता पाळीच्या प्रमुख आहेत, अजून दुकानात येतात, तिला 'हवालदार' म्हणतात. कागद खाली ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, असं तिने म्हटलं तर त्या करतील. कदाचित.

पण त्या इमारतीत पाय ठेवणार नाही, असं ती एकदाच म्हणाली होती. त्यानंतर आई तिथे ॲडमिट होती तेव्हासुद्धा ती फाटकाबाहेर उभी राहिली, डबा मी आत नेला.

पिशवीत दोन कागद आहेत. एकावर बारा ओळी. दुसऱ्यावर माझं नाव, आठ तारीख, अकरा पन्नास. आधी दुसरा देणार. ती तो खिडकीपाशी नेईल, दोनदा वाचेल. मग कदाचित माझ्याकडे देऊन म्हणेल, तू वाच. मी मोठ्याने वाचेन. त्यानंतर ती जे म्हणेल ते ऐकेन. 'दमली असशील' म्हणणाऱ्या बहिणीला जे म्हणायचं राहिलं ते.

आणि मग विचारेन. ती नाही म्हणेल, मला माहीत आहे, तिच्या जागी मीही म्हणेन. आज रिकाम्या हाताने परत यायची माझी तयारी आहे. फक्त विचारल्याशिवाय परत यायचं नाही.

आजी निघाल्या. ताई चौकटी पुसते आहे. वही बंद करते आणि आत जाते. वाटेत शब्द बदलू नयेत म्हणून इथे लिहून ठेवते:

ताई, तुला कागदावर दिसलं ते कागदावर होतं. उद्या पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर त्या वॉर्डात चल.